कार्बोरेटरकाकांचे कान

गल्लीत त्यांना कार्बोरेटरकाका म्हणत. दर सुट्टीला हा माणूस बॉनेट उघडून आपल्या म्हाताऱ्या गाडीत कमरेपर्यंत बुडालेला असे, आणि वर येई तो नाकाला काळं फासून, तरी नाक वर करूनच. गाडी दुरुस्त होई, हे नाकारून चालणार नाही. पण त्यातली गोम फक्त घरात माहीत होती.

काकांना बारीक आवाज ऐकूच येत नसत. कारखान्यात पत्रे ठोकण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यांच्याबरोबर कानही गेले. कबूल मात्र करतील तर शपथ! "अगं, जरा इकडे ये, गाडी काय म्हणतेय बघ," एवढंच म्हणायचे. मग काकू इंजिनाशी वाकायच्या आणि ऐकलेला आवाज तोंडानं मोठ्यानं वाजवून दाखवायच्या. टक-टक, खर्रर्र, भुस्स. काका डोळे मिटून ऐकायचे आणि पाना उचलायचे. इंजिनाची नक्कल करण्यात काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या रविवारी काकूंचे दादा आले, तेव्हा गाडी अंगणात आचके देत होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद.

"आता एखाद्या मेकॅनिकला दाखवा की," दादा म्हणाले.

काका फुशारले. "मेकॅनिक कशाला, दादा? आजवर एकहाती सांभाळलीय हिला. संध्याकाळपर्यंत सुधारली नाही, तर खुशाल भंगारात घाला!"

असली वाक्यं हवेत विरू देणाऱ्यांतले दादा नव्हते. त्यांनी उभ्या उभ्या भंगारवाल्याला फोन लावला.

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातला डाव थांबला. एकहाती? "बरं," त्या पातेल्याला म्हणाल्या, "होऊन जाऊ दे एकहाती."

काकांनी प्लग काढले, घासले, परत लावले. कार्बोरेटर धुतला. गाडीचे आचके तसेच.

"अगं, जरा इकडे ये!"

"हात पिठात आहेत."

थोड्या वेळानं, "अगं!"

"आता साबणात आहेत."

खरं म्हणजे काकूंना खिडकीतूनच स्वच्छ ऐकू येत होतं. इंजिनाच्या मागच्या अंगाला कुठंतरी बारीक स्स्स चाललं होतं. एखादी रबरी नळी तडकली असणार आणि नको तिथून हवा आत शिरत असणार. सांगायला जीभ वळवळत होती, पण त्यांनी ती दाताखाली धरली. मजा येत होती, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी लागला, तेव्हा मात्र मजा ओसरली. काका गाडीच्या टपावर हात ठेवून नुसतेच उभे होते. तरी काकू जागच्या हलल्या नाहीत. रडवेला नवरा परवडला, एकहाती नवरा नको.

शेवटी काका आत आले. चपलांकडे बघत पुटपुटले, "मला तो आवाज ऐकू येत नाही."

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"मला ऐकू येत नाही!" काका ओरडले. अंगणात दादांनी चहाचा कप खाली ठेवला. भंगारवाल्याच्या हातातला दोर तसाच राहिला.

काकू बाहेर आल्या, काकांना गाडी चालू करायला सांगून वाकल्या, कान दिला आणि बोट दाखवून म्हणाल्या, "स्स्स्स."

काकांनी तिथली नळी चाचपली, तडकलेलं टोक कापून टाकलं आणि उरलेली घट्ट बसवली. गाडी लागली शहाण्यासारखी चालायला.

भंगारवाला हात हलवत परत जायचा, तो घुटमळला. "काका, आलोच आहे तर माझा टेम्पो ऐकता का जरा? काहीतरी कटकट वाजतंय त्यात."

काकांनी एकदा दादांकडे पाहिलं. मग हात पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काय विचारता? या घरात इंजिन ऐकते ती ही. मी आपला पाना फिरवतो."

काकूंना इतका आनंद झाला की तो लपवता येईना.

"चालू करा टेम्पो," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या, "आणि दादा, तू टॉर्च धर."