गेटवरचा फ्लेक्स

आमच्या साखर कारखान्यात अकाउंट्सला एक ताई आहेत. त्यांच्या तावडीतून कुणी फुकट सुटत नाही. दर शनिवारी त्या कँटीनबाहेर टेबल टाकतात. आम्हीच घरून धपाटे, भडंग आणायचं आणि आम्हीच विकत घ्यायचं. घरी बायकोच्या धपाट्यांना नाक मुरडणारे इथे तेच धपाटे पैसे देऊन खातात, वर ‘लय भारी’ म्हणतात. त्यातला मीही एक. त्या पैशातून मिरजेला कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांना शिकवायला एक मास्तर ठेवलेत. पोरं बरी होतात, पण तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असतो, हे ताईंना बघवत नव्हतं.

गेल्या वर्षी त्यातली एक मुलगी बरी झाली आणि आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये तिचं नाव घातलं. वडील वडाप जीप चालवतात, गावोगावच्या शिटा भरून. उपचारात गेलेले केस बोटभर आले होते, बॉयकट म्हणून खपून जातील एवढे. शाळा नवी, पोरं नवी. तिची मागणी एकच होती, वर्गात कुणाला काही सांगायचं नाही.

आता आमच्याकडे म्हशीचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स लागतो. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी उत्साही मंडळींनी कारखान्याच्या गेटवर तो लावलाच. वर संचालकांचे हसरे चेहरे, खाली त्या मुलीचा फोटो आणि ‘कॅन्सरग्रस्त कन्येस मदतीचा हात’. हायस्कूलची सगळी पोरं याच गेटवरून सायकली हाणत जातात.

ताईंनी स्टोअरमधून शिडी मागवली, पदर खोचला आणि स्वतः वर चढल्या. आम्ही खाली शिडी धरून उभे. तेवढ्यात एका संचालकांची गाडी आली.

“आवं ताई, हे काय चालवलंय? देणाऱ्यांचं नाव हुयाला नको व्हय?”

“नाव करा की सायेब, लय मोठं करा. पोरीचा फोटो तेवढा ऱ्हायचा न्हाई.”

“कारखान्यात नोकरीला हाय न्हवं तुमी?”

“हाय की. म्हणून तर शिडी कारखान्याचीच आणलीया.”

आम्ही शिडी आणखी घट्ट धरली. साहेबांनी शिडीकडे बघितलं, म्हणाले, “जपून उतरा,” आणि गेले. मला त्या क्षणी ताईंचा फार अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर साहेबांचाही थोडा.

पुढे पाऊस लागल्यावर एक दिवस मुलीचे वडील जीप गेटवर सोडून थेट आमच्या अकाउंट्सच्या खोलीत आले. डोळे भरलेले. ताई उठून उभ्या राहिल्या. दुखणं उलटलं, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

“ताई, आज शाळंत मास्तरनं पोरीला वर्गाभाईर हुबं केलं.”

“का?” ताईंचा आवाज चढला.

“लय बडबडत हुती म्हणं. मैतरणीसंगं. दोघींस्नी एकदमच भाईर काढलं.”

ताई खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “ब्येस केलं मास्तरनं.”