घरचा काटा

आमच्याकडं काट्यावर कुणाचा विश्वास नसतो. वजनकाट्यावर म्हणते मी. ऊस लावणाऱ्या कुठल्याही घरात जा, काट्याचा विषय निघाला की आजारी माणूससुद्धा उठून बसतो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, ट्रॉली आधी गावातल्या काट्यावर नेत, तिथली चिठ्ठी खिशात घालत आणि मगच कारखान्याच्या रांगेला लागत. "आधी काटा तपासायचा, मग ऊस," हे मी पाटी-पेन्सिलीच्या वयापासून ऐकत आलेय.

एवढं ऐकूनही मी चुकले ती काट्यावरच. आणि काटा कुणाचा, तर आबांचाच!

मी विमानांच्या रेडिओचं काम करते. सातारा आणि सांगलीच्या मधे, उसाच्या फडांना लागून एक छोटी धावपट्टी आहे. तिथं दोन माणसं बसतील एवढ्याशा विमानांवर पोरापोरींना उडायला शिकवतात. नाव सांगत नाही, साहेबांना आवडायचं नाही. विमानाचं काम म्हटलं की गावातल्या बायकांना वाटतं मी आत बसून लोकांना चहा देते. कसला चहा! नखांत काळं, कोपरं सोललेली, आणि कमरेत वाकून वाकून उसण. पण मला तेच आवडतं, कारण मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, ही पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मी म्हणे मधेच उठून पंख्याचं बटण उघडायला घेतलं होतं. 'म्हणे' कशाला, घेतलंच होतं. खरखरत होतं ते.

हे वेड आबांचं. आबा सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर होते. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत, जबलपूरच्या जुन्या बाजारातून स्वतः निवडून घेतलेलं एक मीटर होतं. काळ्या पत्र्याचा डबा, काचेआड एक काटा आणि खाली एक खटका. खटका डावीकडं केला की रेडिओतून अँटेनाकडं किती ताकद जातेय ते काटा दाखवतो. उजवीकडं केला की त्यातली किती परत येतेय ते दाखवतो. अँटेना धड असेल तर गेलेलं हवेत निघून जातं, परत फारसं येत नाही. बिघडली असेल तर आपलं बोलणं आपल्याच तोंडावर येऊन आदळतं. हे सगळं आबांनी मला ओसरीवर बसवून शिकवलं. बाकी पोरी तेव्हा जिबलीनं खेळत होत्या.

तर झालं असं, की आमच्या संस्थेचं मीटर तपासणीला गेलं आणि परत यायचं नावच घेईना. नियम मला ठाऊक होता. तपासणीचा दाखला असलेलं मीटरच वापरायचं. पण साहेब नवं घ्यायचं म्हणत होते आणि कुठलं घ्यायचं ते ठरत नव्हतं. तोवर हात बांधून बसायचं? मला बसवत नाही हे सांगितलंच. मी घरून आबांचं मीटर नेलं. दाखल्याची आठवण झाली, नाही असं नाही. पण आपला तो बाब्या. जगातल्या सगळ्या काट्यांवर संशय घेणाऱ्या आमच्या घरात ह्या एका काट्यावर कुणी कधी संशय घेतला नव्हता.

त्याच दिवसांत निळ्या पट्ट्याच्या विमानाची तक्रार आली. धावपट्टीकडं पाठ करून लांब गेलं की त्याचा आवाज विरायचा. तक्रार आणली ती पाटणकडच्या एका पोरीनं. उडायला शिकत होती, अंगानं काडी पण डोळे कसे, एकदम ठाम. आठवड्याभरात तिला पहिल्यांदाच एकटीला लांबची फेरी मारायची होती. मला म्हणाली, "ताई, मी बोलते आणि तिकडं कुणीच नसतं असं वाटतं."

मी आबांचं मीटर जोडलं. जाणारी ताकद, झकास. खटका फिरवला. परत येणारी, नाहीच म्हणा ना. म्हणजे अँटेना ठीक. मग मी केबल बदलली. दुसऱ्या विमानाचा रेडिओ काढून ह्यात घातला. तक्रार तशीच, आणि काटा तसाच, शहाण्यासारखा तळाशी पडलेला. दोनदा तपासलं, 'अँटेना ठीक' म्हणून दोनदा सही केली. पोरगी तिसऱ्यांदा आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "तूच बटण नीट दाबत नसशील. काय ते हळूहळू बोलतेस, पोचणार कसं?"

तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि निघून गेली.

तिच्या फेरीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला सांगलीला पाठवलं. "बाई, एकदाचं बघून या आणि काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवा." सकाळी निघताना आबांनी त्यांचं मीटर टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं. "दुकानात हे दाव. म्हणावं, असलंच काट्याचं द्या. ते चित्रं काढणारं खेळणं घेऊन आलीस तर बघ!" आबा बोलतात ते शेजारच्या वस्तीवर ऐकू जातं. शेजारच्या काकींनी तिथूनच विचारलं, "काय गं, मीटर बदलताय व्हय? लाईटबिल लय येतंय का?"

मी म्हणाले, "व्हय काकी, लय येतंय." समजावून सांगत बसले असते तर एसटी चुकली असती.

सांगलीत स्टँडमागच्या बोळात एक चाचा आहेत. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हे बिनतारी संच करतात. साठीचे असतील. पांढरी दाढी, कपाळावर वर सरकवलेला चष्मा, आणि बोलणं असं निवांत की माझ्यासारखीला पाय हलवत बसावं लागतं. त्यांनी तीन मीटरं काढून ठेवली.

पहिलं स्वस्तातलं. त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्याला हात लावू नको. हे खालच्या लहरी मोजतंय, वरच्या मोजतंय, आन तुमची इमानं ज्यांच्यावर बोलतात त्या मधल्याच सोडतंय."

दुसरं आबांच्या पठडीतलं, काट्याचं. तिसरं हातात मावणारं, पडदा असलेलं. अँटेनाला जोडलं की पडद्यावर रेघ उमटते, कुठं बरं आहे, कुठं वाईट आहे, सगळं एका नजरेत. मी काट्याच्या मीटरकडं हात नेला.

"आधी हे बघा," म्हणत मी पिशवीतून आबांचं मीटर काढलं. मिरवायलाच काढलं, खोटं कशाला बोलू. "ह्याच्या तोडीचं पाहिजे."

चाचांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं खालीवर केलं. "चीज चांगली हाय. कवा तपासलीस?"

"ह्यानं मी दुसऱ्यांना तपासते."

"ते झालं. ह्याला कुणी तपासलं?"

चाचांनी एक छोटा संच जोडला, मीटरच्या दुसऱ्या टोकाला नकली अँटेना लावली. अंगठ्याएवढा तुकडा असतो, सगळी ताकद गिळून टाकतो, परत काही पाठवत नाही. काटा म्हणाला, ठीक. मी म्हटलं, बघा. मग चाचांनी तो तुकडा काढून टाकला. टोक मोकळंच. आता गेलेलं सगळं परत यायला पाहिजे, काट्यानं उडी मारायला पाहिजे. त्यांनी क्षणभरच बटण दाबलं.

काटा हलला नाही. टोकाला काहीसुद्धा नव्हतं आणि माझा काटा म्हणत होता, सगळं ठीक आहे!

चाचा शांतपणे म्हणाले, "बेटी, ह्याचं जाणारं ठीक हाय, येणारं गेलंय. आत मोहरीएवढा डायोड असतो, तो मेलाय."

"कधी मेला?"

"ते त्यालाच ठाऊक."

मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून साहेबांना फोन लावला. "साहेब, उद्या निळ्या पट्ट्याचं सोडू नका. माझी सही चुकलीय."

साहेबांनी विचारलं, "कितव्या वेळची?"

"दोन्ही."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मीटर घेऊन या."

आत येऊन मी पडद्याचं घेतलं. पडद्यासाठी नाही. त्याच्या डबीत तीन छोटे तुकडे होते: एक मोकळं टोक, एक बंद टोक आणि एक नकली अँटेना. रोज काम सुरू करायच्या आधी हे तीन तुकडे त्याला दाखवायचे, म्हणजे ते आधी स्वतःलाच तपासून घेतं. चाचा हे सांगत होते आणि माझ्या कानात आबा ओरडत होते, आधी काटा, मग ऊस. एवढी साधी गोष्ट, आणि मी ती घरच्या डब्याला कधी लावलीच नव्हती.

परतीच्या एसटीत माझं काय झालं ते मलाच माहीत. आष्ट्यापर्यंत तीनदा जागा बदलली. कंडक्टर म्हणाला, "आवं ताई, येका जागी बसा की, गाडी पळतीय न्हवं!" गाडी पळत होती, पण मला वाटत होतं उतरून ढकलावी. डोळ्यांपुढं एकच, ती पोरगी एकटी, खाली डोंगर, आणि ती बोलतेय नि कुणीच नाही. आणि मी तिला म्हणाले होते, बटण नीट दाब.

पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. आधी तीन तुकडे दाखवले, मग मीटर चांगल्या विमानाला लावलं. रेघ खाली आली, म्हणजे ठीक. मग निळ्या पट्ट्याच्या विमानाला लावलं. रेघ वरच. आडमुठ्या रेड्यासारखी हलेचना. अँटेना खोलली तर तिच्या बुडाशी कुणीतरी रंग फासलेला, वर ओल धरून हिरवं किटण. धातूला धातू टेकतच नव्हता. घासून लख्ख केलं, परत बसवलं, आणि रेघ सरळ खाली आली. मी तिथंच पंखाखाली फतकल मारून बसले. आमच्या आईनं बघितलं असतं तर फोटो काढला असता.

ती पोरगी दारात उभी होती. मी म्हणाले, "बटण तू नीटच दाबत होतीस. माझं मीटर खोटं होतं. चुकलं माझं."

तिनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, माझाच आवाज बारीक आहे." आठवडाभर ती हे मनात घेऊन फिरली होती. मला इतकी लाज वाटली की बस्.

आता आबांना सांगायचं होतं. दिवेलागणीला घरी गेले तर टीव्ही एवढ्या मोठ्यानं चालू की फाटकापासून बातम्या कळाव्यात. आई रोज म्हणते, कान दाखवून या. आबांचं ठरलेलं, "माझ्या कानाला काय धाड भरलीय? तुमीच पुटपुटता."

"आबा, तुमचं मीटर गेलंय," मी म्हणाले.

"कुटं गेलंय? एसटीत इसरलीस?"

"बिघडलंय!" मी ओरडले. मग टीव्ही बंद झाला. आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जबलपूर निघालं, बर्फातल्या चौक्या निघाल्या, चाचांचं खानदान निघालं. मी वाद घातला नाही. कामावरचा छोटा संच आणला होता, तो जोडला, टोक मोकळं ठेवलं आणि बटण दाबलं. आबांनी चष्मा लावून बघितलं. खटका स्वतः फिरवला, परत बघितलं. काटा तळाशीच.

त्यांनी मीटर खाली ठेवलं. मग विचारलं, "ह्याच्यावर किती सह्या केल्यास?"

"दोन. एकाच इमानावर. त्यात एक पोरगी एकटी उडायची होती." मी मोठ्यानंच सांगितलं.

"पोरगी उडाली त्यात?"

"न्हाई. थांबवलं. उद्या दुपारी उडंल."

"मी येतो," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना रेडिओच्या खोलीत खुर्ची दिली. आबा स्पीकरच्या शेजारी ताठ बसले, हात गुडघ्यांवर. विमान उडालं, उसावरून वळलं, आमच्याकडं पाठ करून डोंगराकडं गेलं आणि ठिपका होऊन नाहीसं झालं. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. साहेब म्हणाले, बाई, फरशी झिजेल. आवाज विरायची वेळ झाली. झाली आणि गेली. आणि मग स्पीकरमधून ती बोलली. बारीकच आवाज तिचा, पण शब्दन् शब्द सुटा, मणी ओवल्यासारखा. कुठं आहे, किती उंचीवर आहे, सगळं. साहेबांनी टेबलावर थाप मारली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

आणि माझं आबांकडं लक्ष गेलं. ते स्पीकरकडं बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आला का गं आवाज?" त्यांनी विचारलं.

स्पीकर त्यांच्यापासून हातभर होता. मी मान हलवली.

आबांनी दोन बोटं उजव्या कानावर ठेवली, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "माझं बी त्या मीटरवाणीच झालंय, पोरी. जाणारं ठीक हाय. येणारं गेलंय."