शेवटून दुसऱ्या पाटावरचा जावई

भावाच्या पोरीनं जाहीर केलं, की ती इटलीला जाऊन चीज बनवायला शिकणार. संगमनेरच्या डेअरीला आमच्या म्हशींचं दूध जातं. त्याचं काहीतरी भारी करायचं तिच्या मनात. आडवी होती फक्त व्हिडिओ कॉलवरची इटालियनची तोंडी परीक्षा. शब्द पाठ, व्याकरण चोख, पण शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "सपाट बोलतेस."

बोलणारच! मराठीत आपण अक्षरांना पंगतीला बसवतो आणि सगळ्यांना सारखं वाढतो. इटालियन शब्दात मात्र एक जावई असतो. तूप, म्हणजे बोलण्यातला जोर, त्याच्याच पानात. बसतो बहुतेकदा शेवटून दुसऱ्या पाटावर.

मी शाळेत लेझीम शिकवते. भाचीला गोठ्यासमोर उभं केलं. शब्दाच्या एका तुकड्याला एक पाऊल, जावयावर वाकून दणका. फोर-माज्-जो म्हणजे चीज, दणका 'माज्'वर. लात्-ते म्हणजे दूध. दुहेरी अक्षर मधोमध फोडायचं, अर्धं मागच्या पावलात, अर्धं पुढच्या. चित्-ता म्हणजे शहर. इथं जावई शेवटी, पण लिहिताना त्याच्या डोक्यावर रेघ देतात. आणि ता-वो-लो, म्हणजे टेबल! हा पठ्ठ्या काही खूण न देता पहिल्याच पाटावर. भाची तिथं हटकून चुकायची.

लेक लांब जाणार म्हणून वहिनी आधीच कातावलेल्या. "वन्सं, लई नाचू नका. म्हशी पान्हा चोरत्यात."

"तिकडच्या म्हशी यावरच दूध देतात, वहिनी!"

परीक्षेच्या दिवशी मी कोपऱ्यात बसले, लेझीम मांडीवर, तोंडाला कुलूप. भाची झकास बोलत होती. मग ते टेबल आलं आणि ती अडली. माझ्या हातानं दगा दिला. छण्ण!

परीक्षक बाईंच्या भुवया वर गेल्या. "खोलीत कोण आहे?"

आता कॉपी म्हणून पोरीला नापास करणार! भाचीनं फोन माझ्याकडे वळवला आणि इटालियनमध्येच सगळं सांगून टाकलं, गोठा, पावलं, जावई. बाई हसून हसून वाकल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आत्याबाईंना बाहेर पाठव. आणि तो शब्द पुन्हा म्हण."

मी दाराबाहेर, कान फटीला. आतून जमिनीवर पायाचा दणका आला, थेट पहिल्या अक्षरावर. "ता-वो-लो!"

थोड्या वेळानं भाची लेझमीच्या पावलांतच बाहेर आली. "इटलीला ये म्हणाल्या, आत्या!"

वहिनी दुधाची बादली घेऊन उभ्या. मग हळूच मला म्हणाल्या, "लवकर परत ये, हे कसं म्हनायचं त्यांच्यात?"

"तोर्-ना प्रेस्-तो. दोन्हीकडं दणका पहिल्यावर."

वहिनींनी बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि असा पाय आपटला, की म्हैस खरंच बुजली.