लंडनला मिळवलेलं घड्याळ

वडील रेल्वेत तिकीटबाबू होते. देवावर त्यांचा विश्वास बेताचा, वेळेवर मात्र गाढ. निवृत्त झाल्यावर ते रोज चिंचवडच्या देवळाजवळ पारावर जाऊन बसत, तेही गणपतीकडे पाठ करून. सावली त्या अंगाला पडायची, एवढंच त्याचं कारण. पण गणपतीला काय वाटत असेल याची आईला फार काळजी.

रेल्वेत तेव्हा रोज ठरल्या वेळी तारेने वेळ यायची आणि सगळी स्टेशनं आपापली घड्याळं त्या वेळेला मिळवून घ्यायची. वडिलांच्या हिशेबी सृष्टीचा कारभार असाच चालत होता. आपलं घड्याळ स्टेशनाला मिळवायचं, स्टेशनाने मुंबईला, मुंबईने लंडनला. लंडनच्या वर बहुधा परमेश्वर असावा, पण त्याच्या वक्तशीरपणाची त्यांना खात्री नव्हती.

पिंपरीच्या माळावर एक कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे फिटर होतो. यंत्रं स्वित्झर्लंडची. ती जोडायला शिकून यावं म्हणून एकाला तिकडे धाडायचं ठरलं आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. वडिलांनी पारावर जाहीर करून टाकलं, "पोरगा लंडनला चाललाय."

मी घरी म्हटलं, "अण्णा, लंडन नाही हो. स्वित्झर्लंड."

"त्याच बाजूला ना?" त्यांनी साखळीचं घड्याळ खिशातून काढून माझ्या हातावर ठेवलं. "मग तिथल्या मोठ्या घड्याळाला मिळवून आण. रोज चावी दे, पण काट्यांना पुन्हा हात लावू नकोस."

लंडन काही माझ्या वाटेत आलं नाही. बोटीतून उतरलो, आगगाडीत बसलो आणि झोलोटुर्न नावाच्या गावी पोचलो. आज हे नाव पहिल्यांदा लिहितोय. नदीकाठचं लहानसं गाव, पाणी हिरवंगार, गल्ल्या दगडी. तिथल्या लोकांना अकरा या आकड्याचं वेड. मनोरे अकरा, कारंजी अकरा, मोठ्या चर्चमधल्या वेदीसुद्धा अकरा. अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं करणाऱ्या आमच्या आईला ते गाव चटकन पटलं असतं. चौकातल्या मनोऱ्यावर एक जुनं घड्याळ होतं. त्यात मोठा काटा तास दाखवायचा आणि लहान काटा मिनिटं. वर विदूषकाची टोपी घातलेला राजा, एका अंगाला शिपाई आणि दुसऱ्या अंगाला हाडांचा सापळा. राजाला अशी टोपी घालून त्याला चौकात बसवणाऱ्या गावावर माझा जीव जडला. रविवारी बाहेर फिरायला गेलो की शेतकऱ्यांच्या घरांपुढे शेणाचे उकिरडे दिसत, पण काय देखणे! कडेने पेंढा वेणीसारखा गुंफलेला. एक म्हातारी मला आपला उकिरडा दाखवायला हात धरून घेऊन गेली, आपल्याकडे नवी सून दाखवतात तसं.

निघायच्या दिवशी मी त्या मनोऱ्याखाली उभा राहिलो आणि वडिलांचं घड्याळ मिळवलं.

ऐन थंडीत चिंचवड स्टेशनावर अख्खा पार हार घेऊन हजर. पुढे आमचे पैलवान. तालीम सुटल्यावर ते दुधाचा रतीब घालत आणि बोलायचा पहिला मान आपला समजत.

"काय रं भावा, कसं काय हाय लंडन?"

मी भोळेपणाने सुरुवात केली ती नेमकी उकिरड्यापासून. वेणीचं वर्णन संपायच्या आत पैलवान म्हणाले, "आरं, शेणच बघायचं व्हतं तर कुरुळीला जायचं! त्येच्यापायी बोटीत कशाला वकायचं?"

सगळा फलाट हसला. वडील हसले नाहीत. त्यांचा हार धरलेला हात तसाच अधांतरी राहिला होता. तो हात पाहून मी म्हणालो, "ते वाटेतलं झालं. लंडन पुढं आहे."

"बघितलं न्हवं?"

"बघितलं तर!"

वडिलांनी हार घातला आणि घड्याळ मागितलं. "मिळवलंस?"

"मोठ्या घड्याळाला मिळवलं."

त्यांनी झाकण उघडून पाहिलं. मग फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा हातातल्या. बराच वेळ. शेवटी "छान" म्हणाले. मला वाटलं, गहिवरले.

त्यानंतर पाराला लंडनचं व्यसनच जडलं. मी थापा मारायचो आणि वडील घड्याळ काढून वेळ सांगायचे. "आता तिकडं सकाळचे सात. साहेब दाढी करतोय." पैलवान गंभीरपणे मान हलवायचे, जणू साबण त्यांनीच पुरवला होता. माझं झोलोटुर्न मात्र कुणाला नको होतं आणि मीही ते कधी तोंडातून काढलं नाही. बायकोलासुद्धा लंडनच सांगितलं. एका थापेला दोन घरं कशाला?

मग एका थंडीत कारखान्यात लंडनचा एक इंजिनिअर आला. त्याला देऊळ पाहायचं होतं आणि त्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या मनगटावर दोन घड्याळं. एक आपल्या वेळेचं, दुसरं लंडनचं, घरी बायको काय करत असेल हे कळावं म्हणून. पारावर पोचताच पैलवानांनी ते हेरलं आणि मांडीवर थाप मारली.

"आण्णा, काढा तुमचं! होऊन जाऊ द्या जोड!"

वाटेत साहेबाकडून एवढं कळलं होतं की थंडीत स्वित्झर्लंडची घड्याळं लंडनच्या तासभर पुढे असतात; उन्हाळ्यात लंडनवालेच आपली तासभर पुढे सारतात. काटे मिळवताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता भर पारावर वडील खोटे पडणार.

वडिलांनी शांतपणे झाकण उघडलं. "अकरा," म्हणाले.

साहेबाने मनगट पुढे केलं. अकरा.

"ह्येला म्हंत्यात रेल्वेचा मानूस!" पैलवान ओरडले. मी वाकून वडिलांच्या हातातलं घड्याळ पाहिलं. त्यात बारा वाजले होते.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. आपल्या आणि लंडनच्या वेळेत किती फरक, हे तिकीटबाबूला कुणी शिकवायला नको. फलाटावरच्या घड्याळाशी ताडून पाहतानाच मी पकडला गेलो होतो. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत ते रोज मनातल्या मनात एक तास वजा करून माझं लंडन सांभाळत होते.

परतताना आम्ही दोघेच होतो. काही वेळाने त्यांनी विचारलं, "तिथं नदी आहे का रे?"

"आहे."

"आपल्या पवनेएवढी?"

"थोडी मोठी. हिरवी."

"आणि ते शेणाचं... वेणी म्हणालास ना? चार पेडांची की तीन?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात समोरून सायकलवर कुणीतरी ओरडलं, "काय लंडनवाले, किती वाजले?"

वडिलांनी लगेच घड्याळ काढलं, वजाबाकी केली आणि वेळ सांगितली. आम्ही घरी पोचलो. मला वाटलं, उद्या सांगू.

ते त्यानंतर कितीतरी वर्षं होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अण्णा, तीन पेडांची.