जुन्या कॉम्प्युटरमधली भुलाबाई

दसऱ्याच्या सुट्टीत अकोल्याला सासरी गेले आणि एक लढाई जिंकून आले. सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून ही पोस्ट... आज थोडी बढाई चालवून घ्या.

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, शूटिंगचा भारी नाद. घरातलं एकही साक्षगंध, लग्न, बारसं त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटलेलं नाही. हे सगळं हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर साठवलेलं आणि तिथून टीव्हीवर दिसायचं. दुपारची जेवणं झाली की बाबा लावून देणार आणि आई, म्हणजे सासूबाई, बघत बसणार.

पण अकोल्याचं ऊन काय असतं ते अकोलेकरांनाच विचारा. ऑक्टोबरमध्येसुद्धा कॉम्प्युटर तापायचा आणि ऐन मंगलाष्टकात बंद पडायचा. बाबांनी त्याच्यासमोर कूलर लावून पाहिला... तेव्हापासून तो जास्तच आजारी झाला.

यंदा कोजागिरीला आईंच्या मैत्रिणी येणार होत्या. त्यांच्या तरुणपणीच्या भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, गाण्यांचं शूटिंग दाखवायचं आईंनी सगळ्यांना कबूल केलं होतं. त्या शूटिंगमधल्या दोघी आता हयात नाहीत, म्हणून तर सगळ्यांना जास्तच ओढ. आणि कॉम्प्युटर कुठल्याही क्षणी मान टाकेल अशी अवस्था.

नवरोबा अमरावतीहून फोनवर म्हणाले, दुकानात देऊन टाक. दुकानात दिला असता तर कोजागिरी तिकडेच गेली असती. मी म्हटलं, मीच करते. तिकडून जरा हसण्याचा आवाज आला... तो मी लक्षात ठेवला.

नेटवर्क स्टोरेज मागवलं. म्हणजे मिठाईच्या डब्याएवढी एक पेटी. आत हार्ड डिस्क बसवायची, वायर राउटरला जोडायची, की टीव्ही थेट तिच्यातूनच सगळं दाखवतो. कॉम्प्युटर चालू ठेवायची भानगडच नाही.

पार्सल आल्या आल्या आईंनी ते कानाशी नेलं आणि जोरात हलवून पाहिलं. भुलाबाईत गाणी झाली की बंद डब्यातला खाऊ असाच हलवून ओळखतात ना... जन्माची सवय. मी झडप घालून ते काढून घेतलं. सुदैवाने आत काही मोडलं नव्हतं.

मग कामाला लागले. कॉम्प्युटरचं झाकण काढलं, टेबल फॅन थेट त्याच्या पोटात सोडला आणि एकेक फोल्डर नव्या पेटीत पाठवायला घेतलं. बाबांनी दिलेली नावं म्हणजे... 'सुमीचं लग्न फक्त पंगत', 'बारसं पण लाईन गेली'. मी सगळ्यांना नीटनेटकी नावं दिली आणि नको ते वगळलं. कॉम्प्युटर दिवसभर धापा टाकत चालला, पण बंद पडला नाही.

संध्याकाळी त्याची जुनी डिस्क काढून पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात बसवली. म्हणजे सगळ्याची एक जास्तीची प्रत राहणार. माझ्या लॅपटॉपवर पेटीचा प्रश्न आला, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

'हो' दाबणारच होते. पण म्हटलं, आधी आईंना टीव्हीवर दाखवू, शाबासकी घेऊ, मग दाबू. माझा हा हावरटपणा त्या दिवशी देवासारखा धावून आला.

आई रिमोट घेऊन बसल्या. एकेक लग्न फोटोसकट दिसायला लागलं तशा खूश होत गेल्या. शेवटपर्यंत गेल्या... परत वर आल्या... आणि थांबल्या.

"माही भुलाबाई कुठी गेली वं?"

मी शोधलं. नव्हती. बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"तुनं कचरा नाई घेतला काय?"

'कचरा' नावाचं एक फोल्डर होतं खरं. टाकाऊ समजून मीच सोडलं होतं. कचरा कोण कशाला नव्या घरी नेईल?

मग बाबांनी सांगितलं. मागे एक डिस्क जळाली, तेव्हा भुलाबाईचं निम्मं शूटिंग तिच्यासोबत गेलं. उरलेलं त्यांनी या कॉम्प्युटरवर टाकलं आणि मुद्दाम असं नाव ठेवलं.

"माह्या मोठ्या भावाच्या आधीचे दोघं जगले नाई. नजर लागू नये म्हणून मायनं त्याचं नाव कचरू ठेवलं. तो अजून खणखणीत हाये. मंग मी बी यालेच तेच नाव ठेवलं."

हसावं की रडावं कळेना. धावत लॅपटॉपकडे गेले. प्रश्न तसाच उभा होता... चालेल का? नाही, अजिबात चालणार नाही.

जुनी डिस्क परत कॉम्प्युटरमध्ये बसवली. फॅन लावला. आई तर दुसऱ्या बाजूने पदराने वारा घालत उभ्या राहिल्या आणि बाबा त्या कॉम्प्युटरला म्हातारीला समजवावं तसं समजवत होते. 'कचरा' पूर्ण उतरलं, टीव्हीवर भुलाबाई दिसली, आणि मी हॉलमध्ये चक्क नाचले. कॉम्प्युटरने त्यानंतर डोळे मिटले ते कायमचेच.

नवऱ्याला फोन करून एवढंच म्हटलं, झालं. या वेळी तिकडून हसण्याचा आवाज आला नाही.

कोजागिरीला मैत्रिणी आल्या. कोणी गल्लीतल्या, कोणी थेट चांदूर बाजारहून. आईंनी पेटीवर हात ठेवला आणि सगळ्यांना विचारलं, "ओळखा, डब्ब्यात काय हाये?"

चिवडा, शंकरपाळे, खोबऱ्याच्या वड्या... सगळे अंदाज झाले. मग टीव्ही लागला, आणि केसांत अबोली माळलेल्या त्या सगळ्या जणी टाळ्या वाजवत गायला लागल्या. त्या दोघीसुद्धा. खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्या सुरात सूर मिसळला. माझी शाबासकी मला तिथे मिळाली.

बाबा, तुमच्या कॅमेऱ्याचे आणि तुमच्या आईचेही आभार. बाकी सगळ्या फोल्डरना मी छान नावं दिली आहेत. तेवढं एक तसंच ठेवलंय... कचरा.