पडवीतला बल्ब आणि शंभराची पैज

गणपतीआधीचा रविवार. पैज शंभर रुपयांची. हजर आम्ही चौघे: मी, बायको, तिचा भाऊ आणि पुण्याहून आलेला आमचा मुलगा. जागा रोह्यातल्या आमच्या घराची पडवी. तिथला बल्ब गेला होता.

मेव्हणा इथल्याच एका कंपनीत शिफ्टला असतो. भाचा सॉफ्टवेअरमध्ये लागल्यापासून तो दर सणाला एकाच जातीचे विनोद ऐकवतो. मोबाइलवर येतात ते.

"भाच्या, बल्ब बदलायला कंप्युटरवाले किती लागतात?"

"सांगा मामा."

"पाच. एक स्टुलावर चढतो, चौघं मीटिंग घेऊन ठरवतात अंधार हाय का नाय. तुला काय जमायचं नाय. लाव शंभर."

"लावले."

मुलाने नवा बल्ब बसवला. पेटला नाही. मेव्हण्याने मांडीवर थाप मारली. "बंद करून परत चालू कर! फोनवर तेच सांगता ना तुम्ही लोकांना?"

मला आता या विनोदांचा शीण येतो. बायको स्टूल धरून उभी होती.

"तो जोक जुना झाला मामा," मुलगा वरूनच म्हणाला. "आता नवा हाय. किती लागतात? एकपण नाय. बल्ब आपला आपण बदलतो, आणि माणसांना मेल येतो, उद्यापासून येऊ नका."

मेव्हणा खदाखदा हसला. मी नाही. एरवी मुलगा आला की जेवणाच्या टेबलावर त्याचा लॅपटॉप पसरलेला असतो आणि आम्ही ताटं मांडीवर घेतो. या वेळी तो गुरुवारपासून घरी होता आणि आम्ही रोज टेबलावर जेवत होतो.

"लॅपटॉप कुठाय तुझा?" मी विचारलं.

"जमा केला. कंपनीचाच होता."

मेव्हण्याचं हसू थांबलं. "कधी रे?"

"झाले पंधरा दिवस. मामा, जरा मेन स्विच बंद करता?"

मेव्हण्याने उठून मेन बंद केला. होल्डरमधली एक पिन आत दबली होती. मुलाने ती स्क्रू ड्रायव्हरने सैल केली, बल्ब परत बसवला. मेन चालू केल्यावर पडवीत उजेड पडला.

मेव्हण्याने पाकिटातून पाचशेची नोट काढली. "ठेव तुझ्याकडं."

"पैज शंभराची होती, मामा."

एरवी जिंकला की तो नोट मामाच्याच खिशात परत कोंबतो. मेव्हण्याने शंभर रुपये दिले. मुलाने नोटेची घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवली.