अमेरिकेतल्या बारा म्हशी

अमेरिकेत माझ्या बारा म्हशी होत्या. त्यातली एकही कुणी पाहिली नाही, मीसुद्धा.

त्याचं असं झालं. माझा थोरला दीपक इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला आणि त्याच वर्षी धाकट्या जावेचा, गयाचा, बाळू जर्मनीला. तेव्हापासून झरीतल्या आमच्या एका अंगणात दोन विलायता झाल्या. मधे बाभळीचं कुंपण तेवढं घालायचं राहिलं होतं! पत्र आलं की आम्ही दोघी तुळशीपाशी बसून कुणाचा देश जास्त श्रीमंत ते ठरवायचो. तिच्याकडं म्हणे दवाखाना फुकट. माझ्याकडं दोन गाड्या, त्याही घराच्या आत ठेवायच्या! (चौथी पास बाईला एवढं ज्ञान पुष्कळ झालं.)

मग फोटो यायला लागले. बाळू सायकलवर!

"अगं गया, एवढ्या लांब जाऊन सायकल? ती तर आपल्या पोस्टमनकडं बी हाय," मी म्हणाले. फार बरं वाटलं.

आठच दिवसांत दीपकचा फोटो आला. हाफ चड्डीत, घामाघूम, यंत्र ढकलत गवत कापतोय.

"बाई," गया गोड आवाजात म्हणाली, "आमचा सायकलवर का होईना, हापिसात जायलाय. तुमचा गवत कापायला रोजानं हाय का सालानं?"

मी फोटो हळदीच्या डब्यामागं दडवला. गयानं तो नेमका पाहुण्यांसमोर काढला! (तिला म्हणे हळद पाहिजे होती.) माझ्या सुनंदाला बघायला गंगाखेडची मंडळी आली होती. बागायती ऊस, मुलगा मास्तर, सासू गरीब स्वभावाची. असं स्थळ मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मुलाच्या वडिलांनी फोटो चष्म्याजवळ धरला.

"बाबो, एवढं गवत! जनावरं किती हायत?"

आता तुम्हीच सांगा, जनावर नसताना गवत कोण कापतं? 'न्हाईत' म्हणाले असते तर माझा इंजिनिअर दुसऱ्याचा सालगडी ठरला असता!

"बारा म्हशी," मी म्हणाले.

"बारा! दूध कुठं घालतेत?"

"डेअरीला."

"जात कोणती?"

"जाफराबादी!" (अमेरिकेत!)

गया पदर तोंडात कोंबून आत पळाली. पाहुणे मात्र इतके खूश, की साखरपुड्याचा दिवस धरूनच उठले.

साखरपुड्याला दोघं पोरं आली. बाळू पाच आठवड्यांची सुट्टी घेऊन. दीपक दहा दिवसांची, तीही साहेबाच्या पाया पडून. आला तो थेट मांडवातच! त्याच्या कानात चार शब्द घालीन म्हणेपर्यंत इवायांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, त्याला शेजारी बसवला.

"तुमी इकडं आलात, मग म्हशींचं कोण बघायलंय?"

मी खांबाआडून डोळे वटारले, हातवारे केले, शेवटी एक परात पाडली! पण पोरगं बापावर गेलेलं.

"म्हशी? न्हाईत की. गवत कापतो, पिशवीत भरतो अन् कचऱ्यात देतो. न्हाई कापलं तर शेजारी तक्रार करतेत."

इवाई ताडकन उठले.

"हिरवा चारा... कचऱ्यात?"

मी खोटं बोलले त्याचा त्यांना रागच नव्हता!

"असल्या घरची पोरगी माझा गोठा काय सांभाळील?"

तेवढ्यात खाली मान घालून बसलेली सुनंदा बोलली, "मामा, आमच्या दारची म्हैस मीच बघते. धार बी मीच काढते. आईला तर ती जवळ येऊ देत न्हाई."

"का बरं?"

"लाथा मारती."

इवाई इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. खाली बसले आणि साखरेचा पुडा पुढं केला. लग्न जमलं, माझी अब्रू गेली. सौदा वाईट नव्हता.

पुढं मी सहा महिने अमेरिकेत राहून आले. घर मोठं, गाड्या खरंच दोन, पण दीपक आणि सून दोघं कामावर, दिवसभर बोलायला घरात माणूस एकही नाही. तिसऱ्या दिवशी दीपक म्हणाला, "आई, बसून बसून कंटाळलीस ना?" आणि ते गवताचं यंत्र माझ्या हातात दिलं! लुगडं खोचून मी ते ढकलत होते तेव्हा सुनेनं फोटो काढला. मी तो मोठ्या हौसेनं गयाला धाडला. अमेरिका काय आहे ते बघू दे एकदा!

तिचं उत्तर आलं, एका ओळीचं:

"बाई, आता तेरा झाल्या."